नवरा हयात?

झुंबरबाईच्या नवऱ्याला मी मारलं. तसा तो माणूस मारण्याच्या लायकीचाच होता, आणि तो विचार आणखी दोन-चार बायकांच्या मनात येऊन गेला असेल. पण काम झालं माझ्या हातून, आणि तेही एका प्रश्नचिन्हानं. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. मिशीला पीळ देत, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दात तपासत मजेत जगला. हाल झाले ते झुंबरबाईचे.

जुन्नरला माझा टायपिंगचा क्लास होता. शहाण्णव साली टाइपरायटर शिकायला येणाऱ्या मुली आटल्या, तेव्हा मी एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला. माझं शिक्षण सातवी. कॉम्प्युटर शिकले ते एका जाड इंग्रजी पुस्तकावरून, मांडीवर डिक्शनरी ठेवून. आठवडाभरात पाच पानं झाली तर मी स्वतःला चहा पाजायची. दोन वर्षांत मला माहिती भरता यायला लागली, याद्या करता यायला लागल्या, आणि जरा ताठाही आला.

त्या वेळी कॉम्प्युटरवरची मराठी म्हणजे वरवरचा रंग होता. पडद्यावर आपल्याला 'झ' दिसायचा, पण मशीनच्या पोटात तो कंस असायचा, नाहीतर टक्क्याची खूण. मराठी फॉन्ट होता तोवर मराठी. तो नसला की रंग उतरून खाली नुसता चिन्हांचा खच.

अठ्ठ्याण्णवला खेमचंदशेठ माझ्याकडे आले. त्यांचं कापडाचं दुकान, तीन पिढ्यांपूर्वी घराणं राजस्थानातून आलेलं, मराठी आपल्यासारखीच, फक्त 'ळ' जास्त गोड. व्यापाऱ्यांची एक संस्था ते चालवत. जुन्नर आणि आंबेगावातल्या निराधार बायकांना शिलाई मशीन द्यायचं ठरलं होतं. बायकांचे फॉर्म मी भरून घ्यायचे, कॉम्प्युटरमध्ये घालायचे, फ्लॉपी पुण्याला पाठवायची. पुण्याला देणगीदारांचं ऑफिस होतं. यादीचं पुस्तक आणि पावत्या तिथं छापणार होते.

"शीलाताई," शेठ म्हणाले, "माणसं तपासून घ्या. एकही नाव खोटं नको."

त्या दोनशे बारा बायकांत झुंबरबाई होती. बेल्ह्याहून पहिल्या एसटीनं आली होती. पस्तिशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत म्हणाव्यात इतक्या हिरव्या बांगड्या. मला वाटलं चुकून आली.

"नवरा आहे ना?"

"हाय की. लई हाय. रोज सकाळी माझ्या दारासमोर खाकरतो."

नवऱ्याचं नाव सावळेराम. हिला मूल होईना म्हणून त्यानं दुसरी आणली होती आणि गावात तिला मावसबहीण म्हणून सांगायचा. मावसबहिणीला दोन मुलगे झाले तरी ती मावसबहीणच. झुंबरला त्यानं घरातून काढलं, पण अंगणातून त्याला काढता येईना. गोठ्याशेजारी वैरणीची एक खोली होती, तिथं ती सात वर्षं ठाण मांडून होती. माहेरी कोणी उरलं नव्हतं.

"सरपंच म्हनला, लगीन लागलंय तवर तुला कुनी हलवू शकत न्हाई. म्हून मी हलत न्हाई. त्यो रोज म्हनतो नीघ, मी रोज सडा टाकते." मग तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. "काय इच्यारलंय हितं?"

"नवरा हयात आहे का."

"हो लिव्ह. ठळक लिव्ह, बाई. त्या एका शब्दावर माझी खोली हुबी हाय."

मी ठळक लिहिलं.

सगळी माहिती भरून झाली तेव्हा पुण्याहून एका माणसाचा फोन आला. "मॅडम, आमचा प्रोग्राम जुना आहे. रकान्यांची नावं इंग्लिश अक्षरांत ठेवा, छोटी. मधे जागा नको, स्पेशल कॅरेक्टर नको."

"स्पेशल म्हणजे?"

"विशेष काही नको हो. साधं ठेवा."

मी साधं ठेवलं. NAV, GAV, VAY. शेवटच्या रकान्याला HAYAT लिहिलं, आणि ते मला उघडंबोडकं वाटलं. जणू आपणच ठरवून टाकलं, आहे म्हणून. आमचे सातवीचे गुरुजी प्रश्नापुढे चिन्ह विसरलं की अर्धा मार्क कापायचे. त्यांच्या धाकानं मी आयुष्यात एकही प्रश्न चिन्हाशिवाय सोडला नव्हता. मी लिहिलं, HAYAT? माझ्या मशीननं ते निमूट घेतलं. फ्लॉपी पाकिटात घातली, पाकिटाला डिंक लावला, आणि एवढं मोठं काम एकटीनं केलं म्हणून त्या दिवशी दोन चहा.

पुण्याच्या प्रोग्रामला ते चिन्ह पचलं नाही. त्यानं कुरकुर केली असती तर बरं होतं. त्यानं तो अख्खा रकाना गुपचूप टाकून दिला. तिकडच्या तक्त्यात त्या जागी आधीपासून जे भरून ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. तिथं होतं 'नाही'. दोनशे बारा बायकांपुढे, नवरा हयात: नाही.

त्यांतल्या एकशे एक्क्याऐंशी खरोखरच्या विधवा. एकतीस जणींचे नवरे जिवंत होते, ते एका दिवसात गेले.

वाटपाच्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. मंगल कार्यालयात मांडव, पाहुण्यांचे हार, यादीच्या पुस्तकाचं प्रकाशन. पावत्यांच्या टेबलाशी मी. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा मी धरायची, शाईच्या पॅडवर दाबायची, पावतीवर टेकवायची. पावतीवर बारीक अक्षरात छापलं होतं, 'माझे पती हयात नसून वरील माहिती मी स्वतः दिली आहे.' मी ते वाचलं नाही. रांग दारापर्यंत गेली होती, आणि पाहुण्यांना परत जायचं होतं. झुंबरचा अंगठा मीच धरला. शेणानं आणि चिरांनी असा खरबरीत झालेला की शाई नीट बसेना. मी दुसऱ्यांदा दाबला, उमटवला आणि म्हणाले, "छान आला."

त्याच आठवड्यात कागदी फॉर्मचा गठ्ठा मी भेळवाल्याला देऊन टाकला. क्लासमध्ये जागा अडत होती, आणि आता सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं.

चार दिवसांनी मी यादीचं पुस्तक चाळायला घेतलं, स्वतःचं काम छापलेलं बघायच्या हौसेनं. एकशे चौऱ्याहत्तर नंबरला झुंबर. पुढे नाही. वर पाहिलं, नाही. खाली नाही. पुण्याला फोन लावला, तर तो माणूस म्हणाला, "मॅडम, क्वेश्चन मार्क टाकलात ना तुम्ही? मी सांगितलं होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याच्यासाठी ती किरकोळ गोष्ट होती.

एकतीसपैकी तीस जणींनी काही म्हटलं नाही. एक तर म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो." पण बेल्ह्याला पुस्तक पोचलं होतं, आणि सावळेरामला वाचता येत होतं.

मी गेले तो बाजाराचा दिवस होता. बैल, टेम्पो, मोटारसायकली, सगळीकडे भुसा. एका टेम्पोच्या फाळक्यावर सावळेराम पाय हलवत बसला होता, हातात पुस्तक, भोवती घोळका.

"सावळेराम, ह्या खोंडाचा सौदा करू कुनाशी? तू तर वर गेलास," एक व्यापारी म्हणाला.

"भुताशी कर, पावणं. भूत लबाड बोलत न्हाई." मग त्याला मी दिसले. "या, या, मास्तरीणबाई! मारून बघायला आलात व्हय? हात लावा, अजून गरम हाय."

लोक पोट धरून हसले. मी त्या हसण्यातच ओरडून सांगितलं, चूक माझी आहे, तिनं 'हो'च सांगितलं होतं, मशीननं रकाना टाकला. 'मशीननं' म्हटल्यावर आणखी हसले. सावळेराम खाली उतरला, मला टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेला आणि हळू, अगदी घरच्यासारखा बोलला.

"मला ठावं हाय ना, बाई. ती कशाला न्हाई म्हनंल? मी खरंच मेलो तरी ती म्हनंल हाय. लई चिवट. पन अंगठा तिचाच हाय न्हवं? सात वर्सं हिला काढायला वाट घावत नव्हती. तुमी दिलीत." आणि त्यानं मला हात जोडले. थट्टेनं नव्हे, मनापासून. "आता घरला जाऊन या. आई बसलीय तिकडं सुतक धरून."

मी पळतच गेले. अंगणात बयाबाई, सावळेरामची आई, आणि चार बायका. बयाबाईच्या हातात वरवंटा. खोलीच्या उंबऱ्यात झुंबर नव्या मशीनला कवटाळून बसलेली.

"माजं लेकरू जित्तं हाय, आन् तू त्येचं कुंकू पुसून मशीन आनलीस?" बयाबाई म्हणत होती. "आनलीस ना? मंग पुरतं पूस की. अर्दं कशाला?"

"आत्याबाई, मी न्हाई सांगितलं. ह्या शीलाबाईला इच्यारा, ह्या आल्यात बघा."

मी पुढे झाले. एका बाईनं मला दंडाला धरून बाजूला केलं, रागानं नव्हे, वाटेतली घागर सरकवावी तसं. दोघींनी झुंबरचे हात ओढून मशीनच्या लोखंडी पाटावर दाबले आणि बयाबाईनं वरवंटा घातला. एकेका हाताला तीन वेळा. काच उडाली, मशीनच्या फटीत, सुईच्या खाली, दात्यांमध्ये. मग पदराला थुंकी लावून तिनं कुंकू पुसलं, चांगलं घासून, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. मावसबहीण स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. तिचं पाखडणं थांबलं नव्हतं.

त्या गेल्यावर झुंबर मशीनमधल्या काचा वेचायला लागली. मनगटांतून रक्त येत होतं, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"बाई, तू हो लिव्हलं व्हतंस ना?"

"लिहिलं होतं."

"मंग गेलं कुटं?"

"पडलं गं."

"कुटं पडलं?"

जुन्नर आणि पुण्याच्या मध्ये कुठेतरी. मी तिच्या शेजारी बसून काचा वेचू लागले. दोघींनी मिळून निम्म्या काढल्या. उरलेल्या ते मशीन चालवताना कित्येक महिने करकरत राहिल्या.

सावळेरामनं कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकला. कारण काय, तर बायकोनं छळ केला. जिवंतपणी मयत दाखवून समाजात अब्रू घेतली, लाभ उपटला. पुरावा म्हणून छापील पुस्तक आणि अंगठा.

मी खेमचंदशेठकडे गेले. म्हटलं, संस्थेनं एक पत्र द्यावं, यादीत चूक झाली म्हणून. शेठनी मला बसायला गादी दिली, थंड पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकलं. त्यांची बायको धापूबाई आतून म्हणाली, "द्या की हो, बिचारी." शेठ म्हणाले, "ताई, एका नावात चूक आहे म्हटलं की दोनशे बारा नावांत चूक आहे. देणगीदार विचारतील, मग मशीन कोणाला वाटली? पुढच्या वर्षीच्या दोनशे बायकांचं काय? तुम्ही साक्ष द्या, मी अडवत नाही. पण आमच्या कागदावर नाही." वाईट माणूस नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी खरंच आणखी दोनशे मशीन वाटली. फक्त यादीचं काम दुसऱ्याला दिलं.

साक्ष मी दिली. सावळेरामचा वकील तरुण होता, बोलायला गोड.

"शिक्षण किती, बाई?"

"सातवी."

"आणि कॉम्प्युटर?"

"पुस्तक वाचून."

"वा. आता सांगा, यादीत हा माणूस मयत कसा झाला?"

मी सांगितलं. रकाना, त्याचं नाव, त्यापुढचं चिन्ह, पुण्याचा प्रोग्राम. रात्र रात्र जागून पाठ केलं होतं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

"म्हणजे एका प्रश्नचिन्हानं माणूस मेला?"

"हो."

मागे लोक हसले. सावळेरामही हसला, आणि मला शरम वाटते, पण झुंबरच्या चेहऱ्यावरही हसू आलं. ऐकायलाच ते तसं होतं.

"मूळ फॉर्म कुठे आहे? तिनं 'हो' सांगितलेला?"

"रद्दीत दिला."

"कोणाला?"

"भेळवाल्याला."

या वेळी कोणीच थांबेना. हसणं ओसरल्यावर मी म्हणाले, माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून 'हो' आहे, येऊन बघा. वकील म्हणाला, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही आज काहीही टाइप करू शकता." हे मात्र खरं होतं.

निकाल दोन हजार दोनमध्ये लागला. झुंबरनं खोली सोडली. मशीन, एक पत्र्याची पेटी आणि सड्याची बादली घेऊन ती जुन्नरला आली. माझ्या क्लासच्या ओसरीत बसायला लागली. कोणाचे ब्लाउज, कोणाचे फॉल. बांगड्या पुन्हा भरल्या नाहीत. शिवताना आड येतात म्हणायची. माझ्याशी बोलायची, माझ्या डब्यातली भाजी खायची, पण मी कधी कपडा मापायला टेप उचलली तर काढून घ्यायची. "तू ऱ्हाऊ दे. तुजा हात लागला की पडतं."

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सावळेराम बेल्ह्याच्या बाजारात एका बैलाच्या दाव्याला धरून खाली बसला, तो उठला नाही. त्या पुस्तकाची थट्टा त्यानं नऊ वर्षं चालवली होती, दर बाजारी कुठेतरी आडवा पडून 'मी मेलोय रं' म्हणायचा. त्यामुळे या वेळीही लोक हसत उभे राहिले. बराच वेळ. मग बैलच त्याला ओलांडून पुढे गेला.

दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर माझ्यासमोर उभी.

"यादी काढ."

"कोणती?"

"कंची म्हंजे? जिच्यात त्यो मेलाय आन् मी त्येची विधवा हाय, ती. सवत पोरं घिऊन भावाकडं गेली. म्हातारी एकटी हाय. माझी खोली रिकामी पडलीय, नुसती कडी लावल्याली. सरपंच नवा हाय, म्हनतो तुजा काय संबंद, सोडचिट्टी झालीय. आता दावते त्येला संबंद. तुमीच छापलं न्हवं का?"

पुस्तकं उरली नव्हती. माझ्याकडचं मी जाळलं होतं, सावळेरामचं सवतीनं चुलीत घातलं होतं. राहिली होती ती माझी मूळ फाइल, जुन्या फ्लॉपीवरून नव्या मशीनवर आणलेली. या कागदानं काही होणार नाही, हे मला माहीत होतं. तेवढं तिला सांगायचं धाडस होईना. मी फाइल उघडली.

नव्या मशीनवर तो मराठी फॉन्ट नव्हता. बाजारात मिळतही नव्हता. पडद्यावर वरपासून खालपर्यंत कंस, टक्के, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं, मधूनच एखादं सुटं इंग्रजी अक्षर. दोनशे बारा बायका.

झुंबर वाकून बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी हे मराठी नाही एवढं कळत होतं.

"ह्यातली मी कंची?"

मी पडद्यावर बोट ठेवून मोजत खाली आले. एकशे चौऱ्याहत्तर. "ही."

तिनं त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं. कंस, टक्का, दोन उद्गारचिन्हं, उलटा कंस. शेवटच्या, HAYAT? नावाच्या रकान्यापाशी बोट थांबलं. तिथली दोन अक्षरं इतरांपेक्षा वेगळी, सरळ होती.

"आन् हे?"

ती मी इंग्रजीत भरली होती म्हणून शाबूत राहिली होती. "हे 'हो'."

"कशाचं हो?"

"नवरा हयात आहे, त्याचं."

तिनं ती दोन अक्षरं बोटानं पुन्हा गिरवली. मग म्हणाली, "पडलं व्हतं ते घावलं म्हनायचं." आणि लगेच, "काढ परिंट."

"थांब, मी तुझं नाव नीट मराठीत लिहून देते. हे 'हो'पण..."

"न्हाई. तू कायबी लिव्हू नगं. व्हतं तसं दे."

मी होतं तसं दिलं. त्या कागदाची तिनं चौकोनी घडी केली, पोलक्यात घातली आणि दहाच्या बेल्हे गाडीला गेली. जाताना ओसरीतली सड्याची बादली बरोबर नेली.

चारच्या गाडीनं परत आली. बादली जागेवर ठेवली, पेटीवर बसली, मशीनमध्ये दोरा ओवला.

"काय म्हणाला सरपंच?"

"हसला." तिनं सुईखाली कापड सरकवलं. "म्हनला, मावशे, ह्या कागदावर नाव कुनाचंच न्हाई, आन् नवरा तेवढा जिता हाय."

आणि मशीनच्या पायट्यावर पाय मारला.